बाईचं सोडून

मला शांत घर सोसत नाही. माझी सून म्हणते, तुम्ही घरात असलात की काही ना काही सुरूच असतं, रेडिओ, पंखा, नाहीतर मोरीतला नळ तरी. खरं आहे तिचं. दुपारी सगळे आडवे झाले आणि घरातून कुठलाच आवाज येईनासा झाला की मी उठून बसते, खोल्यांतून एक फेरी मारते, सगळ्यांचे श्वास नीट चालू आहेत ना ते बघते आणि मग स्वतःवरच चिडत परत येऊन पडते. आता गुडघे कुरकुरतात, असल्या फेऱ्या परवडत नाहीत. पण ही खोड मला शाळेत असताना लागली, दुसरबीडच्या अलीकडच्या आमच्या गावात, आत्याबाईच्या मशीनपायी, आणि ती आता माझ्याबरोबरच जाईल.

आत्याबाई बाबांची थोरली बहीण. बाबा तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. ती मेहकरला दिली होती. सासरी चणे-फुटाण्यांची भट्टी होती. मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं ती भट्टी तिने एकटीने ओढली. तापलेल्या वाळूसमोर बसून बसून तिच्या हातांवरची लव जळून गेली होती आणि छातीत धूर कायमचा राहायला आला होता. शेवटी चार पावलं टाकली तरी दम लागू लागला तेव्हा बाबा एक छोटा टेम्पो घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. येताना तिने आपली चाळणी आणली, फुटाणे भाजायची लोखंडी कढई आणली, आणि जालन्याच्या दवाखान्यातून ते मशीन आलं. उभ्या पेटीएवढं, खाली चाकं, वर पाण्याची बाटली. हवेतला प्राणवायू गोळा करून नळीवाटे नाकात सोडायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की आंघोळीपुरती नळी काढली तर चालेल, बाकी दिवसरात्र ती नाकात पाहिजे. नाहीतर हृदयावर ताण येईल आणि मग आम्हीही काही करू शकणार नाही.

त्या मशीनचा आवाज माझ्या कानात अजून आहे. खाली सतत एक घरघर, वर बाटलीत बुडबुडे, आणि थोड्या थोड्या वेळाने एक लांब ‘फस्स’, जणू तेच कंटाळून उसासा टाकतंय. पहिले काही दिवस मला त्याचा इतका राग यायचा की मी कानात कापूस घालून अभ्यास करायची. मग सवय झाली. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच ती घरघर ऐकू यायची आणि पायांना कळायचं, घर आलं. नळी लांब होती. आत्याबाईची खोली, मधलं घर, स्वयंपाकघराचा उंबरा, मागच्या दाराची चौकट आणि पुढच्या ओट्याची पहिली पायरी इथपर्यंत ती पुरायची. मागच्या अंगणात, जिथे ऊन छान यायचं आणि बायका येऊन बसायच्या, तिथे काही ती पोचायची नाही. आत्याबाई म्हणायची, “गाईले दावं असते, मले नळी हाय.” आणि स्वतःच हसायची, आणि हसल्यावर खोकायची.

आई-बाबा दिवसभर नेटवर असत. आमच्याकडे बरेच जण शेतात जाळीचे मांडव घालून कंपन्यांसाठी बियाणं तयार करायचे, त्याला सगळे ‘नेट’च म्हणत. टोमॅटोची न उमललेली कळी चिमट्याने उघडायची, आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. ‘क्रॉसिंग’. नाजूक आणि डोकं उठवणारं काम. कळी एक दिवस उशिरा हाती लागली तर फुकट, त्यामुळे हंगामात सुट्टी नाही, सण नाही. आईची बोटं हिरवी-काळी पडायची, साबणाने जायची नाहीत, आणि तिच्या हातच्या भाकरीला टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास यायचा. मी शाळेत, ते दोघं नेटवर, घरी दुपारभर आत्याबाई आणि तिचं मशीन. शेजारच्या भास्करकाकांची बायको मधूनच डोकावून जायची, पण त्यांचाही हंगाम होताच की.

अशात आमच्या घराला प्रीपेड मीटर लागलं. गावात त्यावरून बरीच वादावादी झाली. कुणी म्हणे बसवू देणार नाही, कुणी म्हणे बसवूनच घेऊ. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी माणसांना चहा पाजून मीटर बसवून घेतलं, कारण बाबांना नव्या गोष्टीचं वेड. मोबाइल जसा आधी रिचार्ज करायचा तशी वीज आधी भरायची आणि मग वापरायची, एवढंच मला त्यातलं कळलं. पण झालं काय, त्या मीटरचा रोज सकाळी मोबाइलवर मेसेज यायचा. काल किती वापर झाला, किती शिल्लक आहे. आणि त्या ‘टिंग’ आवाजाने माझा बाप पार बदलून गेला. आधी महिनाअखेर बिल आलं की एक दिवस आरडाओरडा व्हायचा आणि महिनाभर शांतता. आता रोज सकाळी दात घासता घासता आरडाओरडा. मोबाइल हातात धरून बाबा पंचांग वाचल्यासारखा तो मेसेज मोठ्याने वाचायचे आणि मग घरभर फिरायचे. टीव्हीचा लाल ठिपका का दिसतोय? चार्जर बोर्डात कशाला लोंबतोय? मोरीतला दिवा कोणी ठेवला? “कोन जाळून राह्यलं बे घर?” ही आमच्या घरातली सुप्रभात होती.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही, आता कळते. बाबा चिकट माणूस नव्हते. त्यांना भीती बसली होती. शिल्लक संपली आणि आपल्याला कळलंच नाही, आपण नेटवर आहोत आणि इकडे घरची लाइन गेली, तर मशीन बंद पडेल. लाइट गेली तर असू द्यावं म्हणून दाराआड प्राणवायूचं एक छोटं सिलिंडर उभं होतं, पण ते लावायला कोणीतरी घरी हवं ना. ती भीती बाबा तोंडाने कधी बोलले नाहीत. आमच्याकडची माणसं भीती बोलत नाहीत, ओरडतात.

आणि खरं सांगते, वापर कमी झाला. भास्करकाकांसारखे लोक तेव्हा म्हणायचे की पैसे आधी भरा नाहीतर नंतर, माणूस लागते तेवढीच वीज वापरतो. तसं नाही. रोज डोळ्यांसमोर शिल्लक खाली जाताना दिसली की हात आपोआप बटणाकडे जातो. आईने मिक्सर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि मागच्या दारचा पाटा धुऊन काढला. पाणी तापवायची चूल बाबांनी गोठ्याच्या पलीकडे नेऊन मांडली, आत्याबाईकडे धूर येऊ नये म्हणून. थंडीत आई पहाटे उठून तिकडे जायची आणि माझ्या अंगावर जे पाणी पडायचं ते वाटेतच निम्मं गार झालेलं असायचं. मी शाळेचा ड्रेस इस्त्री न करता घडी घालून गादीखाली ठेवायला लागले. आणि हळूहळू, कुणी न ठरवता, याचा एक खेळ झाला. रात्रीच्या जेवणाला बसलं की बाबा विचारायचे, “बोला, आज कोनं काय वाचवलं?” आई सांगायची, मी सांगायची, बाबा आपलं सांगायचे, की मोटर कशी अर्ध्या टाकीवरच बंद केली. बाबा खूश झाले की आईला म्हणायचे, “सुमन, वाढ पोट्टीले अजून एक रोडगा.” वांग्याची भाजी, तुरीचं वरण आणि तुपात बुडवलेले रोडगे, आणि त्यात ही शाबासकी. मला तर फार चव यायची त्या जेवणाला.

आत्याबाई उंबऱ्यापाशी ताट घेऊन बसायची, नाकातली नळी मागे लांब सोडून. एकदा तिने हसत विचारलं, “आन् मी काय वाचवू रे दामू?”

बाबा म्हणाले, “तुहं सोड बाई. बाईचं सोडून मोजा रे सगळे.”

आणि ते वाक्यच आमच्या घरात रुळलं. बाईचं सोडून. भास्करकाका ओट्यावर तंबाखू मळत चिडवायचे, “एवढं बोंबलतो दामू, तुह्या घरी तं ते मशीन चोवीस तास चालते,” तर बाबा म्हणायचे, “बाईचं सोडून बोल बे.” यात प्रेमच होतं. बाबांच्या मनात दुसरं काही आलं असेल असं मी आजही मानायला तयार नाही. पण ते ऐकताना आत्याबाई रोडगा कुस्करत बसायची आणि मान वर करायची नाही, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि माझा दुसरा रोडगा खात राहिले.

मग तिचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी चपलेचे वळ उठायचे, मग दिवसभर. दुसरबीडच्या डॉक्टरांनी विचारलं, मशीन नीट चालतंय ना, नळी काढत नाहीत ना? बाबा म्हणाले, “हाव साहेब, आम्ही कव्हाबी पाह्यलं तं चालूच असते.” खोटं काहीच नव्हतं त्यात. डॉक्टर विचारात पडले, गोळ्या बदलून दिल्या, मीठ कमी करा म्हणाले. आईने तिचं वरण, भाजी, भाकरी सगळं अळणी केलं. आत्याबाई बिचारी ते मुकाट्याने खायची. जिने उभ्या आयुष्यात फुटाण्यांना खारवण लावलं, तिच्या ताटातलं मीठ आम्ही काढून घेतलं आणि सूज मात्र उतरली नाही. बाबांचं सकाळचं वाचन तेवढ्यात आणखी रंगात आलं होतं. वापर आता फारच उतरला होता, इतका की ते मेसेज दोनदा वाचायचे आणि भास्करकाकांना हाक मारून दाखवायचे.

त्या दिवशी शाळेत एकच पेपर होता. मी दुपारीच सुटले आणि उन्हातून चालत घरी आले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय थांबले. काहीतरी चुकतंय एवढंच आधी कळलं, काय ते कळायला क्षण गेला. घरघर नव्हती. मी पळतच आत गेले. माझ्या डोक्यात एकच, शिल्लक संपली, लाइन तोडली. ओट्यावरच्या मीटरकडे पाहिलं तर त्याचा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. पंख्याचं बटण दाबलं, पंखा फिरला. मशीनचं बटण मात्र बंद होतं, आणि नळी नीट गुंडाळून खुंटीला टांगली होती.

आत्याबाई मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उन्हात बसली होती. मांडीवर हात. काही करत नव्हती, निवडत नव्हती, सोलत नव्हती, नुसती बसली होती, आणि इतकी स्थिर की चिमणी तिच्या पायाशी येऊन दाणे टिपत होती. नखं जांभळी झालेली. ओठ तसेच. मी ओरडले, “आत्याबाई, मशीन काऊन बंद हाय?”

तिने हात वर केला, थांब म्हणून. तिला बोलायला दम पुरत नव्हता. दोन दोन शब्द करत बोलली. “ओरडू नको. बसलं... हललं नाई का... लागत नाई दम. सवय झाली आता.”

“कव्हापासून?”

“तुम्ही गेले का... बंद करतो. सांजेले शेळ्या परत आल्या का... चालू करतो. तुह्या मायले कळत नाई.”

मी मशीन सुरू केलं, नळी आणली. तिने ती माझ्या हातातून घेतली पण नाकाला लावली नाही. म्हणाली, आधी इकडे ये. मी जवळ गेले तर तिने माझा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. गळ्याची कातडी गार होती आणि आत काहीतरी भराभर उडत होतं. “माह्या गळ्याची शपथ हाय तुले. दामूले सांगायचं नाई, मायले सांगायचं नाई. सांगशील तं माहं मेलं तोंड पाह्यशील.” आणि मग तिने नळी लावली.

आज कोणाला हे हसू येईल. मलाही यावं, पण येत नाही. आमच्याकडे गळ्याची शपथ म्हणजे थट्टा नव्हती. शाळेत एकीने शपथ मोडली आणि तिची म्हैस मेली, अशी गोष्ट आम्ही सगळ्या पोरी खरी मानून होतो. शपथ ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणायचं, तोवर ती उतरत नाही. म्हणजे सांगितलं तर आत्याबाई मरणार, आणि नाही सांगितलं तरी मरणार, कारण डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला पाठ होतं. मी तिच्या मागे लागले, “सुटली म्हण ना, सुटली म्हण.” ती म्हणाली, “जा, तोंड धू.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एका जागी बसवत नव्हतं. वर्गात बाई शिकवायच्या आणि मी खिडकीतून उन्हाकडे बघायची, की आता नेटवर डबे उघडले असतील, आता घरी कोणी नसेल, आता बंद केलं असेल. पाणी प्यायला म्हणून उठायची, पुन्हा पुन्हा उठायची, बाईंनी शेवटी मला मागच्या बाकावर बसवलं. घरी आले की आधी तिची नखं बघायची. आई म्हणायची, “काय पायात भिंगरी बांधली का तुह्या? बस ना एका ठिकाणी.” जेवताना बाबांनी ‘कोनं काय वाचवलं’ विचारलं की मी रोडगा ताटात परत ठेवायची. मी म्हणायची, काही नाही वाचवलं. बाबा म्हणायचे, “मंग हे एवढं कमी कसं झालं? तुह्या मायनंच वाचवलं असन.” आणि आई लाजायची! आत्याबाई माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. मला तिचा राग यायला लागला होता. मरायचं तर मर, पण मला कशाला गळ्याशी धरलंस, असं मी तिला मनातल्या मनात ऐकवायची आणि लगेच घाबरून देवळाच्या दिशेला हात जोडायची.

तेवढ्यात भास्करकाका एक निरोप घेऊन आले. गावात पुन्हा मीटरवरून वाद पेटला होता, देवळाच्या सभामंडपात बैठक होती. ज्यांच्या घरी मीटर बसलं आहे त्यांनी येऊन सांगावं, आधी पैसे भरल्याने वापर खरंच कमी होतो का. बाबा तर एका पायावर तयार. संध्याकाळी ओट्यावर येरझारा घालत त्यांनी भाषणाची तालीम केली. “मंडळी, आमच्या घरचंच पाहा. घरात आजारी माणूस, त्याचं मशीन चोवीस तास चालू. तरी आमचा वापर उतरला. बाईचं सोडून सांगतो...” आत घरघर चालू होती, आणि आत्याबाई, मी शपथेवर सांगते, हसत होती. खुशीत होती ती.

ते हसू बघून मला काय झालं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत दप्तर शाळेतच टाकलं आणि सरळ नेटवर गेले. जाळीच्या आत हिरवा उजेड, बायका रांगेने वाकलेल्या. बाबा मला बघून चमकले. “काय झालं? शाळा?” मी तोंड घट्ट मिटलं होतं. एक शब्द सुटला असता तर सगळं बाहेर आलं असतं. मी एवढंच म्हणाले, “घरी चला.” आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. “दुखते काय तुले?” मी बाबांचा शर्ट धरून ओढत होते. बाबांना वाटलं पोटात दुखत असेल. चिमटा आईकडे देऊन त्यांनी गाडी काढली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी म्हणाले, “गाडी इथंच बंद करा.” त्यांनी बंद केली. भास्करकाकांच्या घरी टीव्ही चालू होता, कोणाची तरी गिरणी चालू होती, म्हणजे लाइट होती. बाबा माझ्याकडे बघत होते, काय आता, असं. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मान आमच्या घराकडे वळवली. गाडीला स्टँड लावायचं ते विसरले, गाडी माझ्या पायाशी आडवी पडली, पेट्रोल सांडलं, आणि बाबा केव्हाच आत.

मी पोचले तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं आणि बाबा मागच्या दारात आत्याबाईच्या नाकाला नळी लावत होते. नळी नाकाऐवजी पुन्हा पुन्हा गालावर जात होती. आणि बाबा तोंडाने ओरडत होते, “काऊन बंद केलं? काऊन बंद केलं तुनं, बाई? कोनं सांगतलं तुले? मरायचं हाय काय? अवं, तुह्या मशीनसाठीच तं मी या सगळ्याइले बोंबलून राह्यलो! दिवा बंद करा, टीव्ही बंद करा, कायच्यासाठी? ते बंद नाई पडावं म्हनूनच ना!”

आत्याबाईच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून होते. मग ती म्हणाली, “तुम्ही सगळे वाचवून राह्यले रे. ही एवढीशी पोट्टी गार पान्यानं आंघोळ करून राह्यली. सुमन पाट्यावर वाटून राह्यली. रोज जेवताना एकेकाचं नाव निंघते. मले म्हन्तो, बाईचं सोड.” थांबली. पुन्हा दम घेतला. “मी काय या घरातली नाई काय, दामू?”

बाबा तिच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवून बसले आणि रडले. माझे बाबा रडताना ओरडतातच, त्यामुळे भास्करकाकांची बायको धावत आली, आणि तिला वाटलं ते झालं. आत्याबाईच तिला म्हणाली, “अवं, हाय मी अजून. च्या टाक.”

संध्याकाळी बाबा बैठकीला गेले. भास्करकाकांनीच मग सांगितलं, बाबा उभे राहिले, टोपी हातात घेतली, “कमी होते,” म्हणाले, “पन कोनाचं कमी होते ते घरी जाऊन पाहा,” आणि खाली बसले. लोकांना काही समजलं नाही. घरी आल्यावर त्यांनी मोबाइल आत्याबाईच्या मांडीवर ठेवला. “आजपासून मेसेज तू वाचायचा. कोनाले काय बोलायचं ते तू बोल. मशीन तेवढं बंद करायचं नाई.” आत्याबाईने चष्मा मागवला. चौथीपर्यंत शिकलेली बाई ती, अक्षर न् अक्षर लावून तिने तो मेसेज वाचला आणि नळी पुरेल तिथपर्यंत घरात एक फेरी मारली.

मी तिच्या मागे मागे गेले. “आत्याबाई, मी नाई सांगतलं. मी कायीच नाई बोलली. बाबाइले नुसतं घरी आनलं. शपथ सुटली म्हण ना.”

तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं आता रागावणार. म्हणाली, “सुटली. आता तो मोरीतला दिवा बंद कर.”

पुढे तिने आम्हाला जे काही छळलं, बाबा त्यापुढे साधुसंत. सकाळी टिंग वाजलं की सगळे बटणांकडे धावायचे. ती बाबांचीही हजेरी घ्यायची, मोटर जास्त चालली म्हणून. त्यांना एकदा खालमानेने “चुकलं बाई” म्हणताना पाहून आई पदर तोंडात धरून बाहेर पळाली होती. जेवताना आत्याबाई विचारायची, “कोनं काय वाचवलं?” आणि शेवटी स्वतःचं सांगायची, की आज रात्री पंखा लावला नाही, थंडीच होती म्हणा, पण मोजा. आम्ही मोजायचो. पायांची सूज उतरत गेली, ताटात मीठ परत आलं. एका थंडीत तर तिने चूल मागून उचलून ओट्यापाशी आणवली, आईला पुढे बसवलं, आणि स्वतः दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसून एकेक शब्दाने सांगत फुटाणे भाजून घेतले. जळके झाले थोडे. आईच्या टोमॅटोच्या हातांचा वास त्यालाही होताच.

असे क्रॉसिंगचे काही हंगाम गेले. ती गेली ती जेवून झाल्यावर, मशीन चालू असताना, आम्ही सगळे घरात असताना. ‘फस्स’ होत राहिलं आणि बराच वेळ कोणाला कळलं नाही. मशीन बाबांनी दवाखान्यात कोणा गरजूला देऊन टाकलं. मोबाइल पुन्हा बाबांच्या खिशात आला. टिंग वाजायचं, ते वाचायचे, पण मोठ्याने वाचायचे नाहीत. शिल्लक संपता संपेना.

भास्करकाका एकदा ओट्यावर येऊन बसले होते. तंबाखू मळता मळता त्यांनी बाबांच्या हातातल्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि सवयीने बोलून गेले, “काय बे दामू, लईच उतरलं तुहं.”

“हाव,” बाबा म्हणाले, “आता बाईचं सोडूनच येते ना सगळं.”